रामजीबाबांची पेन्शन



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघत आहे, इतिहासावर काही लिहा, असे संपादक मंडळाने आम्हाला सांगितले. तेव्हा भीमा-कोरेगाव, महाडचा सत्याग्रह, पुणे करार असे बरेच विषय डोळ्यांपुढे आले. परंतु हे विषय चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला वक्ते मंडळी सांगतच असतात. म्हणून आम्ही ठरवले की ज्यांचे नाव आपण रोज घेतो पण ज्यांच्याविषयी कधी बसून बोलत नाही, अशा एका म्हाताऱ्या पेन्शनर माणसाची आठवण या वेळी काढावी. बाबासाहेबांच्या नावात मधोमध जो 'रामजी' आहे, तो हा माणूस. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ.

आपल्या घराघरांत बघा. तथागतांची तसबीर आहे, बाबासाहेबांची आहे, माता रमाईची आहे. भीमाईचेही फोटो आता लागू लागले. रामजीबाबांचा फोटो किती घरांत आहे? भाषणात 'रामजी आणि भीमाईच्या पोटी' एवढे एक वाक्य येते आणि गाडी पुढे निघून जाते. फौजेत सुभेदार झालेले त्या काळी आपल्या समाजात बरेच होते. भीमाईच्या माहेरीच होते. परंतु फौजेतून घरी आल्यावर, उतारवयात, महिना पन्नास रुपये पेन्शन हातात घेऊन त्या माणसाने जे केले ते फार थोड्यांना जमले. आम्हाला त्या दिवसांविषयी लिहायचे आहे. बंदुकीविषयी लिहिणारे लिहितील.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला, हे लहान लेकरूही सांगेल. महू म्हटले की वाशिमच्या जुन्या माणसांना रेल्वे आठवते. आपल्या इथून जाणारी मीटर गेजची लहान लाईन अकोला, खांडवा करत महूवरूनच पुढे इंदूरकडे जात होती. भाकरी बांधून घेऊन त्या गाडीने जन्मभूमी पाहून आलेली माणसे आजही आपल्यात आहेत. २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ती सरळ गाडी गेली. महूचे नावही २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर झाले आहे. असो.

महूची एक गोष्ट सांगतात की रामजींचे एक चुलते संन्यासी झाले होते, त्यांनी आशीर्वाद दिला की तुझ्या घरी जगाला दिपवणारा मुलगा जन्मेल, आणि मग बाबासाहेब जन्मले. काही चरित्रांतही ही गोष्ट आहे. आम्ही स्पष्ट सांगतो की आम्हाला ती नको. आशीर्वादाने बाबासाहेब झाले म्हटले की बापाच्या रात्रीच्या रात्री जागण्याला काही किंमतच राहत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तरी असली गोष्ट सांगू नये.

सकपाळ घराणे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. रामजींचे वडील मालोजी हेही फौजेतच होते. कंपनी सरकारच्या सुरुवातीपासून आपल्या घरच्या माणसांनी गावकी सोडून पलटण धरली, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. भीमा-कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची लढाई आपल्याला माहीत आहे, तिथल्या स्तंभावर मृतांच्या यादीत शेवटी 'नाक' लागणारी आपली नावे कोरलेली आहेत. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता त्याला पलटणीत वर्दी मिळाली, पगार मिळाला, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शाळा मिळाली. शिपायाच्या लेकरांना अक्षर शिकवायची सोय छावणीत होती. गावच्या शाळेत ओट्यावरही बसू देत नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे.

भीमाई या ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या. त्यांचे वडील धर्मा मुरबाडकर सुभेदार मेजर होते आणि घराणे रामजींच्या घरापेक्षा बऱ्या परिस्थितीतले होते. रामजींच्या अंगात शिकण्याची हौस होती. पुण्याला फौजेचे नॉर्मल स्कूल होते, म्हणजे मास्तर तयार करण्याची शाळा. तिथे शिकून ते पलटणीतले पंतोजी झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर राहिले. इंग्रजी त्यांना चांगले येत होते. क्रिकेट, फुटबॉलचीही आवड होती म्हणतात. महात्मा फुल्यांचा त्यांच्या मनावर मोठा प्रभाव होता. कबीरपंथी असल्याने दारू आणि मांस घरात वर्ज्य होते. तेव्हा सुभेदार म्हटल्यावर आपल्या पोट्ट्यांच्या डोळ्यांपुढे जी तलवार आणि मिशी येते, ती थोडी बाजूला ठेवावी. हा सुभेदार खडू-फळ्याचा होता.

नोकरीच्या शेवटी शेवटी एक घाव बसला. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची फौजभरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी वाटणी इंग्रज साहेबांनी कागदावर केली आणि ज्यांच्या बळावर कोरेगावचा स्तंभ उभा राहिला त्यांना बिनलढाऊच्या रकान्यात टाकले. रामजीबाबांनी या हुकुमाविरुद्ध खटपट केली, न्यायमूर्ती रानडे यांच्या मदतीने सरकारकडे अर्ज तयार केला, असे चरित्रकार सांगतात. त्याच काळात दापोलीला गोपाळबाबा वलंगकर होते. तेही फौजेतले पेन्शनर, १८८६ साली निवृत्त झालेले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढले, आणि १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला लोक तयार नव्हते. पुढे १९१० मध्ये पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा उघडावी म्हणून निवेदन दिले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्या वर्षी बाबासाहेब सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. बापाने जो अर्ज केला तो मुलाच्या हातून मंजूर झाला, त्याला जवळपास पन्नास वर्षे लागली.

आपल्या चळवळीचे पहिले कार्यकर्ते हे असे पेन्शनर लोक होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांना अर्ज लिहिता येत होता. कोणाच्या दारात भाकर मागायला जावे लागत नव्हते, म्हणून पाटलाची भीती नव्हती. पेन्शन म्हणजे नुसते पैसे नसतात बाप्पा, ती पाठीला ताठपणा देते.

निवृत्त झाल्यावर रामजीबाबा कुटुंब घेऊन दापोलीला आले. तिथे पेन्शनर महारांची बरीच घरे होती. परंतु लेकरांच्या शाळेचे जमेना. पेन्शन पन्नास रुपये आणि खाणारी तोंडे बरीच. चौदा लेकरांपैकी पाचच जगली होती, बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि सर्वांत धाकटा भीमराव. शिवाय रामजींची बहीण मीरा. पायाने अधू होती, बुटकी होती, आणि भीमावर तिचा फार जीव. मग रामजीबाबांनी साताऱ्याला सरकारी बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली. फौजेतून निघालेला सुभेदार या वयात पुन्हा कारकुनी करायला गेला तो लेकरांच्या शाळेसाठी गेला.

साताऱ्यातच १८९६ च्या सुमारास भीमाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे. पुढे रामजीबाबांनी जिजाबाई नावाच्या विधवा बाईशी दुसरे लग्न केले. ही गोष्ट आपल्याकडे सहसा सांगत नाहीत. आम्हाला त्यात लपवण्यासारखे काही वाटत नाही. रामजीबाबा माणूस होते, घरात लहान लेकरे होती, बहीण अपंग. पण लेकराला ते सहन झाले नाही, हेही तितकेच खरे. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमरावांचे मन फाटले. बापाच्या जिवावर जगायचे नाही, मुंबईला जाऊन मिलमध्ये लागायचे, असे त्यांनी ठरवले. साताऱ्याची पोरे तिकडे जाऊन वाइंडिंग खात्यात बॉबिन भरायला लागत, हे त्यांनी ऐकले होते. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेचा बटवा चोरायचा बेत केला. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री बटवा हाती आला, उघडून पाहिले तर आत अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने बेत मोडला, आणि चोरीची लाज वाटून त्यांनी अभ्यासाला लागायचे ठरवले. बाबासाहेबांनी स्वतः ही आठवण सांगितलेली आहे. आम्ही मिलवाली माणसे. बटव्यात पाच रुपये असते तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात किती वेळा येऊन गेला असेल ते सांगता येत नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपण त्या दिवशी विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, ठीक आहे. पण त्या दिवशी शाळेत नाव टाकायला लावणारा एक बापही होता.

त्याच्या दुसऱ्या वर्षाची, १९०१ ची गोष्ट. दुष्काळ होता. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात सरकारने दुष्काळी माणसांना काम म्हणून तलाव खोदायला काढला होता, तिथे रामजीबाबा कॅशियर होते. (गावाचे नाव बाबासाहेबांनी कोरेगाव लिहिले आहे, काही चरित्रांत गोरेगाव आहे. भीमा-कोरेगाव ते वेगळे.) उन्हाळ्याच्या सुटीत लेकरांनी आपल्याकडे यावे असे त्यांनी कळवले. घरातली लेकरे रेल्वेने मसूर स्टेशनावर उतरली. नवे कोट, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, एकदम हरखलेली. आणि न्यायला कोणी आलेच नाही. पुढचे आपल्याला माहीत आहे. जात समजल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, बंडीवाले बसू देईनात, शेवटी दुप्पट भाडे देऊन बंडी मिळाली. तीही लेकरांनी हाकायची आणि गाडीवान पायी चालणार. सोबत जेवण होते पण प्यायला पाणी मिळेना. रात्रभर उपाशी, भेदरलेली लेकरे दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बापाच्या दारात पोचली.

ही हकीकत आपण नेहमी लेकरांच्या बाजूने ऐकतो. एकदा बापाच्या बाजूने बघा. लेकरांनी पत्र टाकले होते. ते पत्र नोकराच्या हाती पडले आणि तो द्यायला विसरला. म्हणून बाप निवांत कामावर. आणि अचानक धुळीने माखलेली लेकरे पुढे उभी. ज्या सुभेदाराने पलटणीत एवढ्या लोकांना शिकवले, सरकारने ज्याच्या भरवशावर दुष्काळी कामाची तिजोरी ठेवली, त्याच्या लेकरांना त्याच मुलखात घोटभर पाणी मिळाले नाही. सरकारी नोकरी, कोट, टोपी, इंग्रजी, यातले काहीच त्या रात्री कामी आले नाही. रामजीबाबांच्या मनाला काय वाटले ते कुठे लिहिलेले नाही. मात्र त्यानंतर त्यांनी लेकरांच्या शिक्षणात तसूभरही ढील दिली नाही, हे आपल्याला दिसते.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. परळ म्हणजे मिलमजुरांची वस्ती. खोलीत चूल, लाकडे, भांडी, जाते, बकरी, आणि सगळी माणसे. तिथे अभ्यास कसा करायचा? तेव्हा रामजीबाबांनी वाटणी केली. भीमरावांनी संध्याकाळी लवकर झोपायचे, रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. दोन वाजले की मुलाला उठवायचे, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर स्वतः पडायचे. जात्याजवळ, बकरीच्या पायाशी दिव्यावर मुलगा पहाटेपर्यंत वाचायचा. खोलीत एकच अंथरूण आणि बापलेक त्यावर पाळीने झोपत होते. पाळी म्हणजे काय ते आम्हाला विचारा. रात्रपाळीचा माणूस सकाळी येतो तेव्हा दिवसपाळीचा उठून गेलेला असतो आणि गोधडी गरम असते. फरक एवढाच की आमची पाळी मालकासाठी असते.

इंग्रजी ते स्वतः शिकवत. हॉवर्डची पुस्तके, तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके पाठ करून घेत. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जात होते, ते सरकारी हायस्कूल. आणि भीमरावांना अभ्यासाच्या पुस्तकांपेक्षा दुसरीच पुस्तके जास्त लागत. त्यावर बाप कुरकुर करी, पण पुस्तक आणून देई. पैसे नसले तर काय करीत, हे बाबासाहेबांनी सांगितले आहे. लग्न झालेल्या दोन मुली मुंबईतच होत्या. आधी धाकट्या मुलीकडे जायचे आणि चार रुपये उसने मागायचे. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही पैसे नसले तर तिचा एखादा दागिना मागून घ्यायचा, मारवाड्याकडे गहाण ठेवायचा, आणि पुस्तक घेऊन घरी यायचे. पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत. पुन्हा पुस्तक लागले की पुन्हा तोच दागिना.

बापाने लेकीच्या दारात जाऊन मागायचे! आपल्याकडे लेकीच्या घरचे पाणी प्यायलाही जुनी माणसे मागे-पुढे पाहत. सुभेदाराने हा मान बाजूला ठेवला. आणि त्या दोघी बहिणी, मंजुळा आणि तुळसा. अंगावरचा डाग काढून द्यायचा, सासरी काय सांगायचे ते सांगायचे, आणि कधी परत येईल म्हणून विचारायचे नाही. बाबासाहेबांची पहिली स्कॉलरशिप बडोद्याच्या महाराजांची, असे आपण म्हणतो. आमच्या मते पहिली स्कॉलरशिप या दोन बहिणींची होय. आनंदरावांनीही शाळा सोडली आणि कमाईला लागले. एका खोलीत दोघांना शिकवायची ऐपत नव्हती. ज्याचे शिक्षण थांबले त्या भावाचेही आपण कधी नाव घेत नाही.

आपल्या वस्त्यांत आज काय दिसते ते इथे लिहिलेच पाहिजे. फौज, पोलीस, एस.टी., रेल्वे, शिक्षक, अशा नोकऱ्यांतून पेन्शनीत निघालेली माणसे आता आपल्या प्रत्येक गावात आहेत. रामजीबाबांच्या वेळी दापोलीत होती त्याहून कितीतरी जास्त. त्यातली पुष्कळ रामजीबाबांसारखीच आहेत, नातीला नर्सिंगला घातले, नातवाच्या क्लासची फी भरली, आम्ही डोळ्यांनी पाहतो. पण काही पेन्शन तारखेला बँकेतून निघते आणि बारमध्ये जिरते, हेही डोळ्यांनीच पाहतो. घरी सून वाट पाहत असते. पंचशीलातले पाचवे शील विहारात सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायला सोपे जाते. आम्ही कोणाचे नाव घेत नाही. ज्याचे त्याला समजते.

आणि दुसरी गोष्ट. पहाटे रोडवर धावणारी आपली पोरे बघा. भरतीसाठी धावतात. जून २०२२ मध्ये सरकारने अग्निपथ योजना आणली. चार वर्षे नोकरी, शंभरातले पंचवीस जण पुढे ठेवणार, बाकीचे एकरकमी पैसे घेऊन घरी. त्यांना पेन्शन नाही. एकरकमी पैशातून मोटारसायकल येते, बहिणीचे लग्न होते, घराचा स्लॅब पडतो. महिन्याच्या महिन्याला येणारी आणि मरेपर्यंत न थांबणारी जी रक्कम असते, जिच्या भरवशावर मारवाड्याकडचा दागिना सुटतो, ती काही त्यातून येत नाही. १८९२-९३ मध्ये भरतीच बंद झाली, आता भरती आहे पण पेन्शन गेली. तेव्हाच्या पेन्शनर लोकांनी अर्ज केले होते. आपण काय केले? धावणाऱ्या पोरांना टाळ्या वाजवल्या. फौजेत जाऊ नका असे आमचे म्हणणे नाही. चार वर्षांनी घरी आल्यावर पुढे काय, एवढा प्रश्न पालकांनी आधीच पोराजवळ बसून सोडवावा आणि शिक्षण मधेच तोडू देऊ नये.

आता या माणसाच्या स्वभावातली जी गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटते तिच्याकडे येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ती सुरुवातीला ग्रंथात छापली गेली नाही, नंतर प्रसिद्ध झाली. त्यात ते आपल्या बापाविषयी बोलतात. वडील फौजी अधिकारी, पण अतिशय धार्मिक. घरात कडक शिस्त. रोज रात्री निजण्याआधी मुलांनी महाभारत, रामायण वाचून दाखवायचे, बहिणींनी आणि शेजारपाजारच्या माणसांनी ऐकायचे. हे बरीच वर्षे चालले.

भीमराव इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा समाजातील मंडळींना वाटले की या पोराचा सत्कार करावा, आपल्यातला एवढे शिकलेला हा पहिलाच. रामजीबाबांनी साफ नाही म्हटले. पोराच्या डोक्यात हवा जाईल, अजून त्याने केलेच काय आहे, एक परीक्षा तर पास झाला! मग मंडळी दादा केळुस्करांकडे गेली. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर हे रामजीबाबांचे स्नेही. त्यांनी मध्यस्थी केली तेव्हा कुठे बाप राजी झाला. सत्कारात केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. (आपल्या भाषणांत आणि बऱ्याच चरित्रांत हा सत्कार १९०७ साली मॅट्रिक झाल्यावरचा म्हणून सांगतात. बाबासाहेबांच्या लिहिण्यात मात्र इंग्रजी चौथी आहे. त्यांचे लिहिणे आम्ही प्रमाण मानतो.) आजकाल पोरगा दहावी पास झाला की चौकात त्याच्या फोटोचा बॅनर बापापेक्षा मोठा लागतो, त्या पार्श्वभूमीवर रामजीबाबांचे 'नाही' वाचून आम्हाला हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

ते पुस्तक वाचून भीमरावांच्या मनात प्रश्न उठला. आपले वडील आपल्याला राम-कृष्णाच्या कथा वाचायला लावतात, बुद्धाचे का नाही सांगत? एक दिवस त्यांनी बापाला सरळ विचारले. लक्षात घ्या, हा फौजी बाप आहे, ज्याच्या पाठाच्या वेळेला गैरहजर राहायची घरात कोणाची टाप नाही. तो चिडला नाही. त्याने कारण सांगितले. आपण अस्पृश्य जातीतले, त्यामुळे तुझ्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे. द्रोण, कर्ण ही लहान घरातली माणसे किती मोठी झाली बघ, वाल्मिकी कोळी असून त्याने रामायण लिहिले. म्हणून वाचायला लावतो. मुलाला त्यात थोडे तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. त्याने महाभारत-रामायणातल्या एकेका मोठ्या माणसाचे दोष बापापुढे मांडले. भीष्म, द्रोण नाही आवडत, कृष्ण नाही आवडत, रामही नाही. आणि रामजीबाबा गप्प राहिले.

ते गप्प राहणे आम्हाला फार मोठे वाटते. तोपर्यंत कोणत्या घरात बापाने मुलाचे असे ऐकून घेतले होते? आपल्याच घरात बघा. पोरगी जरा काही विचारू लागली की 'तू जास्त शिकली का' म्हणून तिचे तोंड बंद करतो आपण. त्या एका खोलीत बापाने आवाज चढवला असता तर प्रश्न तिथेच दबला असता. रामजीबाबा शेवटपर्यंत कबीरपंथीच राहिले, बौद्ध झाले नाहीत, त्या काळी ते शक्यही नव्हते. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे झाले त्याचा पहिला वाद या खोलीत झाला होता, आणि तो वाद बापाने होऊ दिला. बाबासाहेब बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले गुरू मानत. त्यातले कबीर आणि फुले तर बापाच्याच घरी भेटले.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. पुढे रमाईशी लग्न झाले होते, कॉलेज होते, सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपयांची मदत केळुस्कर गुरुजींच्या खटपटीने मिळाली. बी.ए. झाल्यावर भीमराव बडोद्याच्या नोकरीवर निघाले. रामजीबाबांना ती नोकरी पसंत नव्हती, तिथे पोराला जातीचा त्रास होईल ही भीती होती. आणि ती पुढे १९१७ मध्ये खरी ठरली, पण तेव्हा हा बाप नव्हता. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याला गेले. थोड्याच दिवसांत तार आली, वडील फार आजारी आहेत.

भीमराव लगोलग निघाले. वाटेत सुरत स्टेशनावर बापासाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने मुंबईला पोचायला उशीर झाला. घरात सगळी माणसे बाजेभोवती बसलेली, बापाचा जीव डोळ्यांत आलेला. म्हाताऱ्याने मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्या वेळात प्राण सोडला. तो २ फेब्रुवारी १९१३ हा दिवस होता.

त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव अमेरिकेला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पाच महिन्यांचे अंतर. कोलंबिया, लंडन, महाड, घटना, नागपूर, यातले काहीच रामजीबाबांनी पाहिले नाही. चळवळीत ज्यांनी आयुष्य घातले त्या पुष्कळ लोकांच्या वाट्याला हेच येते. २ फेब्रुवारी हा दिवस आपल्या विहारात पाळायला काय हरकत आहे? मोठा कार्यक्रम नको, मंडप नको. त्या दिवशी वस्तीतल्या पेन्शनर बुढ्या माणसांना पुढे बसवावे, आणि पोराबारांनी त्यांना प्रश्न विचारावेत. असे आम्ही विहार समितीला सुचवतो.

१९२३ मध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनहून निघाला. अर्थशास्त्राचा अवघड ग्रंथ आहे, आम्ही तो पूर्ण वाचला असे म्हणणार नाही. पण त्याची अर्पणपत्रिका वाचली. ग्रंथ आई आणि वडिलांच्या स्मृतीला वाहिला आहे, त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल आणि शिक्षणाच्या बाबतीत दाखवलेल्या समजुतीबद्दल कृतज्ञता म्हणून. ज्या घरात रुपया नव्हता म्हणून लेकीचा दागिना गहाण पडत होता, त्या घरच्या मुलाने रुपयावरच ग्रंथ लिहिला आणि तो बापाला दिला. शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या खंडांत तो सहाव्या खंडात आहे. ज्यांच्या घरी असेल त्यांनी ते पान काढून मुलांना दाखवावे.